बर्फावरच्या धोंडेबाई

धोंडेबाई हे नाव त्यांना आमच्या ह्यांनी ठेवलं. बाईंना ते कधी कळलं नाही. त्या मूळच्या अमेरिकेच्या, पण राहायच्या आमच्याच गावात, ग्लासगोपासून ट्रेनने अर्ध्या तासावर. गावात बर्फाची एक रिंक होती आणि रिंकच्या वरच्या मजल्यावर कॅफे. त्या कॅफेच्या किचनमध्ये मी काम करायचे.

रिंक आता बंद झाली. विजेचं बिल परवडेना म्हणाले. परवा बसमधून जाताना पाहिलं, दाराला फळ्या ठोकल्यात आणि कार पार्कात गवत वाढलंय. घरी येऊन स्वयंपाक केला, पण मन तिकडेच राहिलं. म्हटलं, बाईंबद्दल लिहून ठेवावं. माझं शिक्षण चौथीपर्यंत, लिहिण्याची सवय माहेरच्या पत्रांपुरती. हे कुणाला दाखवायचं नाही. विसरायला नको एवढंच.

मी कामाला लागले तेव्हा मॅनेजर इयनने सांगितलं होतं, तुला गिऱ्हाइकांशी बोलायची गरज नाही. आत सूप कर, रोल भर, कप धू. मला तेच हवं होतं. घरी पाहुणे आले तरी मी पाणी ठेवून आत जाणारी. आणि पहिल्याच सकाळी एक उंच बाई सरळ किचनमध्ये शिरल्या. पांढरे आखूड केस, डोक्यावर लोकरीची टोपी, पायात दोन वेगळ्या तळव्यांचे बूट, एक बर्फावर घसरणारा, एक न घसरणारा. मला वाटलं, माझं काही चुकलं. माझे हात साबणाच्या पाण्यात. बाईंनी तोच साबणाचा हात बाहेर ओढून धरला, जोरात हलवला आणि म्हणाल्या, "गुड कर्लिंग!"

आणि निघून गेल्या. मी इयनकडे बघितलं.

"घाबरू नको," तो म्हणाला. "ती सगळ्यांनाच म्हणते."

रिंकवर कर्लिंग नावाचा खेळ चालायचा. तो सुरू व्हायच्या आधी दोन्ही टीममधल्या प्रत्येकाने प्रत्येकाशी हात मिळवून असं म्हणायचं, अशी त्यांची रीत आहे. बाईंनी ती रिंकच्या बाहेरही चालू ठेवली होती. बसमध्ये चढताना ड्रायव्हरला म्हणायच्या. नळ दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरला म्हणाल्या. एकदा दाढ काढून आल्या, गाल सुजलेला, आणि मला सांगत होत्या की इंजेक्शनच्या आधी डेंटिस्टशी हात मिळवला तर त्याचाच हात थरथरला.

खेळ मला पहिल्यांदा काही समजला नाही. कॅफेला एक लांबलचक काच होती, तिच्यातून खालचा बर्फ दिसायचा. एक माणूस किटलीसारखी मूठ असलेला मोठा गोल धोंडा घेऊन बर्फावरून घसरत यायचा आणि अलगद सोडून द्यायचा. धोंडा आपला आपण पुढे जायचा. त्याच्या पुढे दोघं जण ब्रशने बर्फ घासत पळायची. घासलं की धोंडा लांब जातो, सरळ जातो. पलीकडच्या टोकाला रंगवलेली वर्तुळं असतात, त्यांच्या मध्याजवळ ज्याचा धोंडा थांबेल तो जिंकला. कप्तान तिकडे उभा राहून ओरडतो, घासा, थांबा, अजून घासा.

हे मी घरी सांगितलं तेव्हा ह्यांनी जेवता जेवता घास खाली ठेवला. हे पूर्वी बोटीवर भंडारी, म्हणजे आचारी होते, मग ग्लासगोला उतरले ते उतरलेच, आता एका रेस्टॉरंटमध्ये शेफ आहेत.

"म्हणजे एकाने धोंडा ढकलायचा आणि दोघांनी पुढे झाडू मारत पळायचं?" हे म्हणाले. "आणि याची ऑलिम्पिक असते?"

"असते."

"अरे देवा. आपल्याकडच्या बायकांना कुणी सांगितलंच नाही. घरोघरी मेडलं झाली असती." मग म्हणाले, "आणि ती तुझी बाई यात चँपियन होती? धोंडेबाईच म्हणायची तिला."

चँपियन होत्या खऱ्या. अमेरिकेच्या अगदी वरच्या टोकाला, जिथली तळी हिवाळ्यात ट्रक जाईल इतकी गोठतात, तिथल्या त्या. वडिलांचं खिळे-मोळ्यांचं दुकान होतं आणि दुकानामागे गावाची रिंक. बाई आणि त्यांची धाकटी बहीण चालायला लागल्या तशा बर्फावर गेल्या. पुढे दोघींची टीम झाली. देशात पहिल्या आल्या, जगात एकदा चौथ्या आल्या. या खेळात पैसा नाही. बाई आठवडाभर टपाल वाटायच्या आणि शुक्रवारी गाडीत ब्रश टाकून मॅचला जायच्या. "कुत्र्यांपासून पळून पळून माझे पाय तयार झाले," म्हणायच्या.

हे धोंडे स्कॉटलंडचे. समुद्रात एक बेट आहे, तिथल्याच दगडाचे करतात. लहानपणापासून हातात घेतलेल्या धोंड्यांचं माहेर बघायला म्हणून बाई इथे आल्या आणि आमच्या रिंकचा बर्फ करणाऱ्या माणसाच्या प्रेमात पडल्या. तो बर्फावर रोज बारीक थेंब शिंपडायचा, म्हणजे धोंडा चिकटत नाही, नीट घसरतो. मी कामाला लागायच्या आधीच तो वारला. बाई सांगायच्या, "तो फार बोलायचा नाही. पण त्याने केलेल्या बर्फावर माझा एकही धोंडा वाकडा गेला नाही." आपल्या नवऱ्याबद्दल इतकं चांगलं बोलताना मी दुसऱ्या कुणाला ऐकलं नाही.

नवरा गेल्यावरही त्या रिंकवरच राहिल्या म्हटलं तरी चालेल. नवशिक्यांना शिकवायच्या. दुपारी गर्दी नसली की किचनमध्ये येऊन स्टुलावर बसायच्या. मीठदाणी माझ्या हातात कधी दिली नाही. ओट्यावरून ढकलायच्या आणि ती बरोबर माझ्या बोटांपाशी येऊन थांबायची. बशी, चमचे, बटरची पाकिटं, सगळं असंच. एकदा अंडं ढकललं. तेही बरोबर थांबलं. मी ओरडले तेव्हा म्हणाल्या, "पार्टनर, तुझा विश्वास कमी पडतो." मला त्या पार्टनर म्हणायच्या.

इथले लोक मसुरीच्या डाळीचं सूप पितात. इयनने शिकवलं तसं मी करायचे, पण मला ते आजाऱ्याचं वाटायचं. एकदा हळूच जिऱ्याची आणि लसणीची फोडणी दिली. दुपारी बाई रिकामा बोल घेऊन आत आल्या. "आज सुपाला काय झालं?"  "काही नाही," म्हटलं. "जे काही नाही झालं ते उद्याही होऊ दे," म्हणाल्या आणि बाहेर जाऊन सगळ्यांना ओरडून सांगितलं की आज सूप जिवंत आहे.

त्यांच्या ओरडण्याची एक गंमत आहे. माझी लेक इथेच जन्मली, तिचं मराठी अर्धंमुर्धं. ती तेव्हा कॉलेजात होती. एकदा आम्ही दोघी सुपरमार्केटमध्ये गेलो होतो. एका म्हाताऱ्याच्या हातून ट्रॉली सुटली आणि उतारावरून जामच्या बरण्यांकडे निघाली. कुठून तरी आवाज आला, "हर्री! हार्ड!" बघते तर बाई. एक कामगार मॉप घेऊन उभा होता, त्याला सांगत होत्या, घास, घास! तो बिचारा खरंच ट्रॉलीपुढे फरशी घासत पळायला लागला. मग त्याच्या लक्षात आलं आणि त्याने ट्रॉली हाताने धरली. लेक हसून हसून खाली बसली.

"आई, तुझा फ्रेंड किती भारी ओरडतो!"

"ओरडते," मी म्हटलं. "आणि चल लवकर. बघतील आपल्याला."

पण बाईंनी बघितलंच. आपली ट्रॉली सोडून आल्या आणि माझ्या लेकीशी हात मिळवला.

त्यांचा दुसरा एक विचित्रपणा होता. स्वतःची चूक त्या स्वतःच सांगायच्या, कुणी विचारायच्या आधी. या खेळात मॅचला पंच असून नसल्यासारखा. धोंडा जाताना तुमचा ब्रश किंवा पाय त्याला लागला, तर तुम्हीच हात वर करायचा आणि सांगायचं. बाई कुठेही हात वर करायच्या. कॅफेत रांगेत उभ्या असताना मध्येच म्हणायच्या, "मी या गृहस्थांच्या पुढे घुसले. त्यांना माहीत नाही. पण घुसले." तो गृहस्थ कानकोंडा होऊन म्हणायचा, असू दे, असू दे. एकदा इयनला सांगितलं की फ्रिजमधल्या तुझ्या केकचा कोपरा मी खाल्ला. त्याने विचारलं, "कधी?" म्हणाल्या, "गेल्या ख्रिसमसला."

मला मात्र त्यांच्या खेळातली वेगळीच रीत आवडायची. मॅच संपली की दोन्ही टीम वर कॅफेत येऊन एकाच टेबलावर बसायच्या. आणि जिंकलेल्यांनी हरलेल्यांना विचारायचं, काय घेणार? कप्तानाने कप्तानाला, बाकीच्यांनी आपापल्या जोडीदाराला. ही पहिली फेरी चुकवता येत नाही. मग हरलेले उठतात आणि जिंकलेल्यांना विचारतात, पण ती दुसरी फेरी मनावर असते. कुणाला गाडी पकडायची असली तर उठून जातात, कुणी वाईट मानत नाही.

मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला खरं वाटेना. आमच्या गावात कबड्डीची मॅच संपली की हरलेले जिंकलेल्यांच्या ट्रकवर धोंडे मारायचे. तेही धोंडेच. मी बाईंना तसं सांगितलं. खूप हसल्या. मग म्हणाल्या, "जिंकलेल्याला काय, तो कुठेही बसेल. हरलेल्याला एकटं बसू द्यायचं नाही, म्हणून टेबल."

 मी डाळ निवडत होते. त्यांनी माझ्या ताटातली थोडी आपल्याकडे ओढली आणि निवडता निवडता बहिणीची गोष्ट सांगितली.

ऑलिम्पिकला कुठली टीम जाणार ते ठरवायची शेवटची मॅच होती. धाकटी कप्तान. तिने सगळ्यात शेवटचा धोंडा टाकला. बाई पुढे ब्रशने घासत होत्या. "असा धोंडा आयुष्यात एकदाच पडतो," बाई म्हणाल्या. "बरोबर मध्यावर जाऊन थांबला. लोक ओरडत होते. धाकटीने ब्रश हवेत फेकला. ती माझ्याकडे हात पसरून येत होती. आणि मी हात वर केला."

"का?" मी विचारलं.

"माझा ब्रश लागला होता. इतका." त्यांनी डाळीचा एक दाणा बोटावर घेऊन दाखवला. "कुणी बघितलं नव्हतं. समोरच्या टीमनेही नाही. मी त्यांच्या कप्तानाला सांगितलं. तिने धोंडा उचलून बाजूला ठेवला. तिचा हक्कच होता."

त्या टीमला ऑलिम्पिक मिळालं. धाकटी बाईंना एवढंच म्हणाली, "तुला कुणी विचारलं होतं?" आणि सामान घेऊन थेट गाडीत जाऊन बसली. टेबलावर आलीच नाही. बाई एकट्या जिंकलेल्यांबरोबर बसल्या. रीत ती रीत. तेव्हापासून धाकटी बोलली नाही. वीसएक वर्षं झाली असतील. आई वारली तेव्हा चर्चमध्ये दोघी एकाच बाकावर बसल्या, मध्ये ओव्हरकोट ठेवून.

मी भिडस्त असले तरी तेव्हा विचारलं. "तुम्हाला पस्तावा होतो का हो?"

"रोज सकाळी होतो," बाई म्हणाल्या. "दात घासेपर्यंत राहतो."

मला माझी बहीण आठवली. आमचं भांडण चुलीवरून झालं होतं आणि दिवाळीत मिटलं. मिटवायला आई होती. या दोघी बहिणींची आई गेली, आणि मध्ये अख्खा समुद्र.

पुढच्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडाला इयन किचनमध्ये आला. बाई स्टुलावर होत्या. तो दाराशीच अडखळला. अमेरिकेतल्या बायकांची एक टोळी स्कॉटलंडच्या दौऱ्यावर येणार होती. दर काही वर्षांनी येतात, गावोगावच्या रिंकवर मैत्रीचे सामने खेळतात. आमच्याकडेही एक सामना होता.

"त्यांची कप्तान तुझ्या गावची आहे," इयन म्हणाला. "आडनाव तुझंच. लग्नाआधीचं."

बाईंनी हातातला चमचा ओट्यावर ठेवला.

"आपल्या टीमची कप्तान तू आहेस. पण हवं तर मी दुसऱ्या कुणाला..."

"तिला माहीत आहे का, की मी इथे आहे?"

"मी कळवलं. ती म्हणाली, वेळ किती वाजताची आहे?"

"मी खेळणार," बाई म्हणाल्या.

खेळणार म्हणाल्या खरं, पण त्यांची उजवी कमर पार गेली होती. हाड झिजलं होतं, ऑपरेशनचा नंबर लागत नव्हता. पूर्वीसारखं वाकून, बर्फावर पाय पसरून घसरत जाणं जमायचं नाही. म्हातारी माणसं उभ्यानेच लांब काठीने धोंडा ढकलतात, ते नियमात बसतं. बाईंनी काठीला कधी हात लावला नव्हता. आता रोज सकाळी कॅफे उघडायच्या आत काठीने सराव करायला लागल्या. मी वरून बघायचे. पहिले धोंडे अर्ध्या वाटेत राहायचे.

"आता ती मला काठी घेतलेली बघणार," एकदा म्हणाल्या.

"मग नका घेऊ काठी."

"काठी नाही घेतली तर धोंडा पोचणार नाही. तिला वाटेल, मी मुद्दाम केलं."

मग मला सांगितलं की त्यांना मनातून काय हवंय. त्यांना हरायचं होतं. कारण बहिणीची टीम जिंकली, तर पहिल्या फेरीला बहिणीनेच यायचं आणि विचारायचं, काय घेणार? त्यात सुटका नाही. मैत्रीचा दौरा, सगळ्यांसमोर ती रीत मोडणार नाही. "एवढं तिच्या तोंडून निघालं की पुढचं मी बघेन," बाई म्हणाल्या. "पण मी जिंकले तर विचारायचं मी. आणि मला तर ती नाही म्हणू शकते. तेवढी सवय तिला आहे."

रात्रीच्या जेवणाला मी हे घरी सांगितलं.

"मग हरायचं की," हे म्हणाले. "एक धोंडा टाकायचा वाकडा. कोण बघतंय?"

"बाबा, ती असा नाही करणार," लेक म्हणाली. "दॅट्स द होल पॉइंट."

"अगं पण बहिणीसाठी!"

"बहिणीसाठीच तर नाही करणार," मी म्हटलं. माझ्या तोंडून इतकं ठाम काही निघालं की घरात सगळे खाली बघून जेवायला लागतात. तसे लागले.

सामन्याच्या दिवशी मी सुपाचं मोठं पातेलं चढवलं, जिरं जरा जास्तच घातलं, आणि काचेपाशी जाऊन उभी राहिले. त्यांची कोच बस आली. लाल जॅकेट घातलेल्या बायका उतरल्या. धाकटी कुठली ते मला कुणी सांगावं लागलं नाही. तीच उंची, तीच मान पुढे काढून चालायची ढब. फक्त केस रंगवलेले आणि चालणं सरळ.

हात मिळवायची वेळ आली. एकेक जण पुढे सरकत होती. दोघी समोरासमोर आल्या. धाकटीने हातमोजा न काढता हात पुढे केला आणि नजर धोंड्यांकडे ठेवली. बाईंचे ओठ हलले. गुड कर्लिंगच म्हणाल्या असणार.

खेळ मी सगळा नाही बघितला, सूप ढवळायला आत जावं लागायचं. दर वेळी बाहेर आले की इयन हळूच सांगायचा, त्या पुढे, आता आपण पुढे. काठी बघून धाकटी एकदा थबकली, ते मात्र मी बघितलं. बाई काठी टेकत टेकत बर्फावर आल्या तेव्हा ती ब्रशवर हनुवटी ठेवून एकटक त्यांच्या कमरेकडे बघत होती. बाईंनी मान वळवली तशी तिने तोंड फिरवलं.

शेवटी दोघींचे पॉइंट सारखे झाले आणि शेवटचा धोंडा बाईंच्या वाट्याला आला. मध्यावर धाकटीचा धोंडा बसलेला. तो बाहेर ढकलून आपला तिथे राहायला हवा, तर बाई जिंकणार. जरा हलका पडला, जरा बाजूने गेला, तर हरणार. इतकं सोपं होतं हरणं. काठीच्या टोकाला तांदळाएवढा फरक केला असता तरी झालं असतं, आणि बाईंची कमर सगळ्यांनी बघितली होती. कुणाला संशयही आला नसता.

मी आयुष्यात देवाकडे कुणाचं वाईट मागितलं नाही. त्या दिवशी हात जोडले. म्हटलं, देवा, एवढा एक धोंडा चुकू दे.

बाईंनी टोपी काढून खिशात घातली. काठी धोंड्याच्या मुठीत बसवली. लंगडत चार पावलं चालल्या आणि धोंडा सोडला. मी त्यांना इतकी वर्षं बघत होते, मला सोडतानाच कळलं. तो सरळ गेला. टण् असा आवाज वर काचेपर्यंत आला. धाकटीचा धोंडा बाहेर गेला आणि बाईंचा तिथेच बसला.

लोक टाळ्या वाजवत होते. बाई काठीवर भार देऊन उभ्या होत्या आणि त्यांचं तोंड असं झालं होतं, जणू ट्रेन डोळ्यांसमोर निघून गेली.

सगळ्या वर आल्या. एका लांब टेबलावर लाल जॅकेट आणि आमच्या निळ्या जॅकेटवाल्या एकीसमोर एक बसल्या. धाकटी आली, मला वाटलं नव्हतं तरी आली, आणि बाईंच्या समोरच्या खुर्चीवर कडेला बसली. बाहेर कोचचा ड्रायव्हर इंजिन चालू करून बसला होता, ते काचेतून दिसत होतं. बाई उभ्या राहिल्या. काहीतरी विचारलं. धाकटीने टेबलाकडे बघूनच उत्तर दिलं.

बाई काउंटरला आल्या. इयन बिअर ओतण्यात गुंतला होता म्हणून मी पुढे झाले.

"एक पाणी," बाई म्हणाल्या.

"आणि तुम्हाला?"

"माझं तिने विचारायचं. दुसऱ्या फेरीला."

"आणि नाही विचारलं तर?"

"तर तहानलेली घरी जाईन, पार्टनर."

मी ग्लास भरला.  त्या ग्लास घेऊन गेल्या, तिच्यापुढे ठेवला आणि बसल्या. आजूबाजूला सगळ्या हसत होत्या, कुणी सुपाचं विचारत होतं. त्या दोघींच्या मध्ये तेवढा पाण्याचा ग्लास. धाकटीने एक घोट घेतला. मग सगळं पाणी संपवलं. लाल जॅकेटवाल्या एकेक करून आपापल्या जोडीदारासाठी उठल्या. त्यातली एक धाकटीला म्हणाली, "तू बस, तुमचंही मीच आणते." धाकटीने मान हलवली. नको म्हणाली की आण म्हणाली, मला कळलं नाही. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. धाकटी उठली, जॅकेटची चेन गळ्यापर्यंत लावली.

मी मागे वळून पातेलं घासायला घेतलं. मला बघायचं नव्हतं.

"एक्सक्यूज मी."

धाकटी काउंटरपाशी उभी होती. इयन कुठे दिसेना. मी हात पुसत पुढे आले.

"ती हल्ली काय घेते?" तिने विचारलं.

"कोण?" माझ्या तोंडून निघून गेलं.

ती जरा थांबली. "माझी बहीण," म्हणाली. "पूर्वी काळी कॉफी घ्यायची. थर्मास भरून. अजून तेच का?"

"कॉफी डॉक्टरांनी बंद केली," मी म्हटलं. माझं इंग्रजी तिला कळतंय की नाही म्हणून सावकाश बोलले. "आता चहा घेतात. दुधाचा."

"डॉक्टरांनी? का? काय झालंय तिला? आणि ती कमर, ती कधीपासून?"

मला सगळं माहीत होतं. कमरेचं, छातीतल्या धडधडीचं, सकाळच्या नि रात्रीच्या गोळ्या कुठल्या, सगळं. सांगितलं असतं तर ती ऐकून, दोन शब्द हळहळून कोचमध्ये जाऊन बसली असती.

"ते त्यांनाच विचारा," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता रागावणार. कोचचा हॉर्न परत वाजला. तिने खिडकीकडे वळून ड्रायव्हरला तळहात दाखवला, थांब.

"दोन चहा," म्हणाली. "दोन्ही दुधाचे."

ट्रे देत होते, तो तिने घेतला नाही. दोन्ही हातांत दोन कप धरून, बशीत चहा सांडत, ती टेबलापाशी गेली. समोरच्या आपल्या खुर्चीवर बसली नाही. बाईंच्या शेजारची खुर्ची पायाने ओढली आणि बसायच्या आधीच काहीतरी विचारलं. मला इथून ऐकू आलं नाही. बाईंनी उजव्या कमरेवर हात ठेवला, आणि सांगायला लागल्या.